तोंडात न गेलेली कवळी

मी आता जे सांगणार आहे, त्यातलं अक्षरही तुम्हांला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. मागे एकदा हीच हकिगत मी या भिंतीवरच्या पालीला सांगितली, तर ती हसता हसता भिंतीवरून सुटली आणि आपली शेपूट इथेच विसरून गेली. दुसऱ्या दिवशी न्यायला आली तेव्हाही हसतच होती. तेव्हा मित्रांनो, विश्वास ठेवायची सक्ती नाही. फक्त आपापल्या वस्तू सांभाळा.

मी एक जुनी कवळी आहे. वरच्या जबड्याची. गुलाबी हिरड्या, त्यांत शिस्तीने उभे असलेले दात आणि मधे टाळूची छान कमान. दातांचं सामान माणसाच्या तोंडात जाण्याआधी तपासणारी ही लॅब. तिच्या दाराशी ही काचेची पेटी आणि पेटीत मी. शाळेतली मुलं लॅब बघायला येतात, ती मला ओलांडून आतल्या मोठ्या यंत्रांकडे धावतात. तुम्ही थांबलात, म्हणजे तुम्ही हुशार तरी आहात नाही तर दमलेले तरी. आणि तू गं, सगळ्यांच्या पुढे उभी राहून काचेला नाक लावलेली, पुढचे दोन दात नुकतेच पडलेली, तू तोंडावरचा हात काढ. फट असलेल्या माणसांशी माझं फार जमतं.

तर ऐका. मी कवळी आहे आणि आजवर एकाही तोंडात गेलेली नाही. सफरचंद, शेंगदाणा, पेन्सिलीचं टोक, जांभई, शिवी, यांतलं काहीही माझ्या दातांखालून गेलेलं नाही. आणि तरीही एका माणसाचं तोंड मी वाचवलंय. तेही त्या तोंडाच्या मनाविरुद्ध.

माझा जन्मच मुळी उलटा झाला. छपाईच्या यंत्रात बोटभर खोलीचा एक हौद असतो आणि त्यात रेझिन असतं, म्हणजे मधासारखी ओघळणारी राळ. खालून निळ्या उजेडाचा फटका बसला की त्या राळेचा कागदाहून पातळ पापुद्रा घट्ट होतो आणि वरून खाली आलेल्या पत्र्याला चिकटतो. पत्रा केसभर वर सरकतो, पुन्हा उजेड, पुन्हा पापुद्रा. अशी मी वटवाघळासारखी लोंबकळत, थराथराने वाढले. दात माझे शेजारच्या पांढऱ्या हौदात जन्माला येत होते. मी मात्र जन्मतःच बोलायला लागले. दातांवाचून बोलत असल्यामुळे बोबडं बोलत होते, आणि पलीकडच्या हौदातून माझेच दात ओरडून माझे उच्चार सुधारत होते. पुढे त्यांना माझ्या हिरड्यांत बसवलं तेव्हा आमची चांगली ओळख झालेली होती, म्हणून आमचं कधी वाजलं नाही.

जन्मानंतर अंघोळ. ती स्पिरिटमध्ये, कारण अंगावर ओली राळ चिकटलेली असते आणि ती नुसत्या पाण्याला दाद देत नाही. मला अशी झिंग चढली की मी टेबलावरच्या वजनकाट्याला विचारलं, तुझं स्वतःचं वजन किती रे. तो अजून विचार करतो आहे. कधी कधी आपोआप आकडा बदलतो ना त्याचा, तो त्याचमुळे.

अंघोळ झाली तरी काम संपत नाही. नुकती छापलेली कवळी बाहेरून घट्ट दिसते, पण आतून अजून अर्धीकच्ची असते, घाईने उतरवलेल्या केकसारखी. तिला पक्कं करण्यासाठी उजेडाच्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत वरून दिवे, तळाला काच आणि काचेखाली आरसा, म्हणजे खालच्या बाजूलाही उजेड मिळावा. हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळी लॅब जपूनराव म्हणायची. खरं नाव त्यांना स्वतःलाही आठवायला वेळ लागायचा. दार लोटणाऱ्याला ते म्हणायचे जपून, चहा ओतणाऱ्याला जपून, आणि कुणी शिंकायच्या तयारीत दिसला तर त्यालाही जपून. मोठे पंजे, पण वस्तू अशी उचलायचे की वस्तूला वाटावं आपण आपल्याच पायांनी उठलो. त्यांनी मला पुसलं, फुंकर घातली, पेटीत मऊ कापडाची घडी अंथरली आणि तिच्यावर मला ठेवलं. मी वरचा उजेड खात पडून राहिले. राजकन्या काय झोपत असेल असं वाटलं.

आणि ही सगळी उठाठेव कुणासाठी, तर मामांसाठी.

मामा गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. लॅबमध्ये चाचण्या करणारी जी ताई, तिचे ते सख्खे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा. त्यांचे वरचे दात केव्हाच गेले होते आणि जुनी कवळी सैल झाली होती. एकदा तालमीत त्यांनी सगळ्यांत उंच सूर लावला आणि ती कवळी सुटली. सुटली म्हणजे काय, बंदुकीतून सुटावी तशी. समोरच्या मोठ्या भोंग्यात जाऊन पडली. भोंगेवाल्याला कल्पना नाही, त्याने जोरात फुंकलं, तर ती तिथून उडाली आणि बँडमास्तरांच्या टोपीला जाऊन चावली. टोपीवर दातांचा अर्धगोल आजही आहे. तुम्ही म्हणाल ते बिल्ल्याचं डिझाइन आहे. म्हणा.

हसू नका, मामांना रडू फुटलं होतं. त्याचं कारण असं. बँडच्या वार्षिक कार्यक्रमात ट्रंपेटचा एक सोलो असतो. सगळे वाजवायचे थांबतात आणि एकटा माणूस उभा राहून वाजवतो. मामा उभं आयुष्य त्या सोलोसाठी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले, कारण तो मान त्यांच्याहून ज्येष्ठ वादकाचा. तो वादक त्याच वर्षी निवृत्त झाला आणि मान मामांकडे आला. म्हणजे दात होते तेव्हा सोलो नव्हता, सोलो आला तर दात नाहीत. बँडमास्तरांनी टोपी हातात घेऊन सांगितलं की कार्यक्रमापर्यंत नीट बसणारे दात आणा, नाही तर सोलो मागच्या रांगेतल्या पोराला देतो. आणि मामांना ठाऊक होतं की एकदा गेलेला सोलो परत येत नसतो.

म्हणून मामा भाचीच्या मागे लागले. लॅबमध्ये एक नवं रेझिन तपासायला आलं होतं, हलकं आणि चिवट, तोंडात पक्कं बसणारं. पहिल्या कवळ्या कुणाला बसवायच्या त्यात मामांची वर्णी लागली. त्यांच्या जबड्याचं माप घेऊन जी छापली, ती मी. माझ्या टाळूची एकेक वळी मामांच्या टाळूला ओळखत होती. आम्ही भेटलो नव्हतो एवढंच.

आता चाचणी म्हणजे काय, ते सांगते. फार सोपं आहे आणि फार भयंकर आहे. ज्या वस्तूची चाचणी घ्यायची तिला एका खास द्रवात, अंगाइतक्या उबेत भिजत ठेवायचं. वस्तूतून काही वाईट झिरपत असेल तर ते त्या द्रवात उतरतं. मग तो द्रव काचेच्या ताटलीत वाढवलेल्या जिवंत पेशींवर घालायचा. पेशी म्हणजे आपल्या शरीराच्या विटा, डोळ्यांना न दिसणाऱ्या. शेवटी एक रंग टाकायचा. पेशी जिवंत असतील तर ताटली गर्द जांभळी होते. मेल्या असतील तर फिकी राहते. शेजारी दोन ताटल्या आणखी असतात. एकीत साध्या निरुपद्रवी प्लास्टिकचं पाणी, ती जांभळी व्हायलाच हवी. दुसरीत मुद्दाम घेतलेल्या विषारी रबराचं पाणी, ती फिकी पडायलाच हवी. म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा.

या परीक्षेला आधी बसल्या त्या चकत्या. माझ्याच रेझिनच्या, बटणाएवढ्या, सपाट, गुळगुळीत. जगभर अशा चाचणीला चकत्याच देतात, कारण त्या मापाला सोप्या. त्या पास झाल्या. नुसत्या पास नाही, ताटल्या इतक्या जांभळ्या की ताईच्या चष्म्यात जांभळं प्रतिबिंब दिसलं. चकत्या तेव्हापासून माझ्याशी नाक वर करून बोलायच्या. चकतीला नाक कुठून आलं विचाराल, तर गर्वाने उगवतं ते कुणालाही.

निकाल कळताच मामा हजर. हातात एक छोटा डबा, आत कापूस, मला घरी न्यायला. चेहरा असा की आत्ताच तोंडात घालतील आणि वाजवतच घरी जातील. ताईने त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की चकत्या पास झाल्यात, कवळी अजून बसायची आहे.

"एकाच राळेच्या ना गं दोघी?" मामांनी विचारलं.

"हो."

"त्याच पेटीतून आल्या ना?"

"त्याच."

"मग?"

"मग तुझ्या तोंडात मी चकती बसवणार नाहीये, मामा. कवळी बसवणार आहे. तर कवळीच भिजवून बघते."

यातली मेख मामांना नंतर कळली, मला लगेच कळली. एकदा परीक्षेला भिजवलेली वस्तू पुन्हा कुणाच्या तोंडात घालत नाहीत. म्हणजे मी पास झाले तरी माझं तोंड गेलं. मामांसाठी दुसरी छापणार, आणि दुसरी छापून होईपर्यंत कार्यक्रम उंबरठ्यावर. मी रागाने दात-ओठ खाल्ले असते, पण ओठ कुठून आणणार.

मामांनी दाताच्या कण्या केल्या. आधी लाडात, मग रागात, मग बहिणीमार्फत. ताईच्या आईचा फोन आला. तो फोन सगळ्या लॅबने ऐकला, कारण आईंना वाटायचं की लांब असलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तुला कडेवर घेऊन फिरला तो माणूस, त्याचे दात अडवून बसलीस, तो काय परका आहे. ताई फक्त हो आई, हो आई करत राहिली आणि फोन ठेवून पेशींच्या खोलीत निघून गेली. त्या खोलीत शिरायला वेगळा कोट, वेगळे हातमोजे, नवा मास्क, म्हणजे आत जायला वेळ आणि बाहेर यायलाही वेळ.

मामा स्टुलावर एकटे. समोर ताटात मी.

मित्रांनो, आता जे झालं ते सांगताना माझे दात आजही कुडकुडतात. मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मला उचललं. त्यांनी तोंड उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड पाहिलं, आतून. उबदार वाफ माझ्या अंगावर आली. जीभ पाहुण्याला जागा करून द्यावी तशी मागे सरकली. वरची हिरडी, नुसती, गुलाबी, माझी वाट बघत असलेली. तिची प्रत्येक वळी मला पाठ होती. मला वाटलं, आता मी बसणार, आणि बसले की असा आवाज होईल की सगळ्या शहराची कुलपं एकदम लागतील. एक दाणाभर अंतर राहिलं होतं. दाणाही लहानातला.

तेवढ्यात जपूनराव आत आले. त्यांनी पाहिलं. थांबा म्हणतील असं तुम्हांला वाटतंय, पण त्यांनी काय म्हणावं. ते म्हणाले, "जपून मामा, कड घासेल."

आणि त्यांच्या मागून ताई. मास्क अजून गळ्यात. ती ओरडली नाही, धावली नाही, हातातूनही ओढून घेतलं नाही.

"परक्या माणसाला मी ती अशी दिली नसती," ती म्हणाली. "मग तुला कशी देऊ?"

मामांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूहळू मिटलं. त्यांनी मला ताटात ठेवलं, आपला डबा उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेले. डब्यातला कापूस मात्र स्टुलावर राहिला.

मला बाटलीत टाकलं. वरून द्रव ओतला, झाकण लावलं आणि उबेच्या कपाटात ठेवलं. मी म्हटलं, चला, तोंड नाही तर नाही, पोहायला तरी मिळालं. पास होणार याबद्दल शंकाच नव्हती. शेजारच्या बाटल्यांना मी आभाराचं भाषणही म्हणून दाखवलं. ते ऐकून एका बाटलीला बुडबुडे आले.

मग माझं पाणी पेशींवर घातलं. रंग टाकला. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि बराच वेळ वर झालीच नाही. जपूनराव मागे उभे, हात पाठीशी. प्लास्टिकची ताटली गर्द जांभळी. विषाची फिकी. आणि माझी फिकी. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली विषाची आणि कुठली माझी, ते चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येईना.

जपूनराव म्हणाले ताटल्या बदलल्या असतील. ताईने सगळं पुन्हा केलं, नव्या पेशी, नवी ताटली. पुन्हा फिकी.

मी फार बोलकी आहे, पण तेव्हा माझी दातखीळ बसली. मी राजकन्या ना, कापडावर झोपलेली. आणि माझ्या अंगातून जीव घेणारं काही झिरपत होतं, अगदी गुपचूप, मला स्वतःला पत्ता न लागू देता. ते मामांच्या हिरडीला लागून राहिलं असतं, जेवताना, झोपताना, वाजवताना. हिरडी आधी चुरचुरली असती, मग लाल झाली असती, मग सुजली असती, आणि कदाचित ऐन सोलोत. मामांचं तोंड उघडं होतं तेव्हाची ती वाफ मला आठवली.

काय म्हणालीस? चकत्यांना मग काही कसं झालं नाही? शाबास. दोन दात कमी असले म्हणून अक्कल कमी नसते. नेमका हाच प्रश्न सगळ्या लॅबला पडला. रेझिन तेच, स्पिरिट तेच, उजेडाची पेटी तीच. कुणी रेझिनच्या डब्याला दोष दिला, कुणी छपाईयंत्राला. यंत्राला ते इतकं लागलं की त्याने दिवसभर नुसते चौकोन छापले. मी जाड आणि चकती पातळ म्हणून असेल, असंही कुणी म्हणालं. मग माझे तुकडे न करता, वरच्या आणि खालच्या बाजूने कण खरवडून पाहिले, तर कळलं की माझी दातांकडची बाजू अगदी पक्की आहे आणि टाळूकडची कच्ची. जी बाजू मामांच्या हिरडीला चिकटणार होती, तीच.

ताई विचार करत बसली नाही. ती जपूनरावांकडे गेली आणि म्हणाली, एक नवी कवळी आणि एक नवी चकती, दोन्ही माझ्यासमोर करा. रोज करता तशीच. मी नाही असं समजा.

जपूनरावांनी चकती धुतली, वाळवली, पेटीत काचेवर ठेवली, उजेड दिला, काढली. मग कवळी धुतली, वाळवली, फुंकर घातली. मग खिशात हात घातला, मऊ कापड काढलं, घडी केली, काचेवर अंथरली आणि वर कवळी ठेवली, टाळू खाली करून. दार लावलं. बटणाकडे बोट नेलं.

"हे काय?" ताईने विचारलं.

"काय?"

"ते खाली."

"कापड," जपूनराव म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "काचेवर घासून कडेला ओरखडा पडतो ना. कड टोचली की हिरडी सोलते माणसाची. चकतीला कड कसली, तिला नाही लागत."

बोलता बोलता त्यांची नजर पेटीत गेली. वरचे दिवे, खाली आरसा, आणि मधे कापड. त्यांचं बोट बटणापाशीच राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "मी तिला जपत होतो हो ताई."

"जपलंत म्हणूनच," ताई म्हणाली. पण तिने ते असं म्हटलं, की त्यात टोमणा नव्हता. उलट तिने एक स्टूल ओढून त्यांना बसायला दिलं.

तोवर ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण कुणी बघतच नव्हतं. कामाच्या पद्धतीत कापड कुठे लिहिलेलं नव्हतं. ते जपूनरावांच्या मायेत होतं, आणि मायेची चाचणी कोण घेतं. माझ्या पाठीला मऊ लागावं म्हणून त्यांनी जे अंथरलं, त्यानेच आरशाचा उजेड अडला आणि मी खालून कच्ची राहिले.

त्यानंतर जी धांदल उडाली तिला तोड नाही. पद्धत बदलली. कापड गेलं, काच उघडी. अर्धा उजेड दिला की कवळी उलटी करायची आणि पुन्हा द्यायचा. कडेला ओरखडा पडू नये म्हणून जपूनरावांनी स्वतःच तारेची तीन पायांची बारीकशी तिवई करून आणली, कवळी तिच्यावर अधांतरी बसते आणि उजेड चहूकडून येतो. ती करताना त्यांनी एकदाही जपून म्हटलं नाही, आणि त्या शांततेने लॅबमधले लोक इतके घाबरले की एक जण रजाच टाकून गेला. आणि नियम झाला की चकती कितीही गुणी असो, जी वस्तू तोंडात जायची तिची जुळी बहीण भिजवून पाहायचीच.

म्हणून माझ्या दोन बहिणी छापल्या. एक परीक्षेला, एक तोंडाला. मामा रोज यायचे. ताईशी बोलायचे नाहीत. दाराशी बाकावर बसायचे, ट्रंपेट मांडीवर, आणि बोटं ट्रंपेटच्या कळांवर न फुंकताच नाचत राहायची. सगळा सोलो असा मुका. मी बाजूच्या फळीवर होते. मला तो बोटांवरून पाठ झाला. कार्यक्रम जवळ येत होता, बँडमास्तरांचा निरोप येत होता, मागच्या रांगेतला पोरगा सोलो घोकत होता असंही कानावर आलं.

आणि एके सकाळी ताई पेशींच्या खोलीतून बाहेर आली, मास्क न काढताच. हातात ताटली. वांग्यासारखी जांभळी, इतकी जांभळी की समोरची पांढरी भिंत लाजली. तिने ती मामांसमोर धरली. मामांना ताटलीतलं काय कळणार, पण त्यांना भाचीचे डोळे कळले. त्यांनी विचारलं, "हीच ना मला चावणार होती?" आणि बोट माझ्याकडे केलं. ताई म्हणाली, "चावलीच असती." त्यावर मामा हसले, हिरड्या दाखवून, आणि त्या हसण्यातच दोघांचं भांडण मिटलं. आम्हां दातांच्या दुनियेत बिनदातांचं हसू सगळ्यांत खरं मानतात.

दुसरी बहीण मामांच्या तोंडात गेली. कुलपं वगैरे काही लागली नाहीत, नुसता टक् असा आवाज झाला. सामानाच्या खोलीत जाऊन त्यांनी पहिली फुंक मारली तर म्हशीला शिंक यावी तसा सूर आला. दुसरीला बदक. मग रोज थोडं थोडं करत माणसाचा.

कार्यक्रमाच्या दिवशी मामा घाईत लॅबमध्ये आले, कडक इस्त्रीचा कोट, ट्रंपेट चकचकीत, आणि ताईला म्हणाले, "त्या पहिलीलाही आण गं. तीही माझीच होती."

अशी मी ताईच्या कोटाच्या वरच्या खिशात बसून सभागृहात गेले. शेजारी जपूनराव. सगळा बँड वाजला आणि एकदम थांबला. मामा उभे राहिले. सभागृहात अशी शांतता की मला खिशाचे टाके मोजता आले. सूर निघाला. आधी बारीक, चाचपडत, मग भरदार, मग वर, आणखी वर. ज्या सुराला जुनी कवळी उडाली होती तो जवळ आला. जपूनरावांनी डोळे मिटून ओठ दाबून धरले. ताईने खिशावर हात ठेवला, म्हणजे माझ्यावरच. आणि तो सूर लागला. लागला, टिकला, आणि तिथेच घर करून राहिला. त्या सुराने बँडमास्तरांच्या मिशा ताठ झाल्या, छतावरचे दिवे आपोआप उजळले आणि शेजारच्या इमारतीतल्या झोपलेल्या बाळाने उठून, पुन्हा झोपायच्या आधी, ताल धरला. बहीण तसूभर हलली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मामा ट्रंपेट छातीशी धरून, दात दाखवून हसत होते. ते दात माझ्यासारखेच होते. अगदी माझ्यासारखे.

मित्रांनो, सगळ्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हांला जपा. मी तेच सांगते, पण जरा पुढचंही सांगते. जपा, मात्र जपताना उजेड अडवू नका. आणि जे माणसाच्या तोंडात जायचं तेच तपासा, त्याच्या गुळगुळीत बहिणीवर भुलू नका. आणि आपल्या माणसासाठी नियम मोडायचा मोह झाला, तर आधी विचार करा की परक्यासाठी मोडला असता का. एवढं केलंत तरी माझं भिजणं सत्कारणी लागलं.

आणि हो, काही लोकांना वाटतं की या काचेत बसून मी कुढत असेन. छे. तोंड म्हणजे असतं तरी काय, ओल, अंधार, आणि दिवसभर कुणाची तरी बडबड. माझी बहीण तिथे सूर धरून बसली, मी इथे हवा खात बसले. मामा टाळ्या घेत होते तेव्हासुद्धा, त्या खिशात बसून, मला त्याचं काहीएक वाटलं नाही.

काचेला नाक लावून उभी असलेली ती मुलगी इतका वेळ एका शब्दालाही खोटं म्हणाली नव्हती. तिने नाक काढून घेतलं. काचेवर एक ओला गोल राहिला.

"हे मात्र खोटं आहे," ती म्हणाली.